तापाचा तक्ता

आमच्या वाशीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक फळी होती आणि त्या फळीवर एक पांढरी पेटी ठेवलेली होती. आकाराने ती एखाद्या पाठ्यपुस्तकाएवढी. पाठीवर दोन शिंगे आणि कपाळावर चार हिरवे दिवे. रस्त्यावरून आलेली काचतंतूची बारीक तार तिच्यात शिरत असे, आणि त्या तारेतून जे काही वाहत येई, ते ती पेटी घरभर हवेवर सोडून देत असे. तिला राउटर म्हणतात. ‘हवेवर’ हा शब्द मी सवयीने वापरला. खरे पाहता रेडिओच्या लहरींना प्रवासासाठी हवेची गरज लागत नाही.

पेटी नीट चालत होती, तोवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. दिवाळीच्या साफसफाईत तिच्यावरची धूळ झटकली जाई, एवढाच काय तो तिचा मान. परंतु सन 2020 उजाडले, महामारी आली, मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये त्या घराघरांतून भरू लागल्या. मग तीच पेटी फळा झाली, तीच घंटा झाली आणि माझ्यासारख्या कारकुनाची कचेरीही तीच झाली. माझी मुलगी त्या वेळी सातवीत होती. तिचे वर्ग दुपारी बारा ते दीड या वेळात भरत.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहत असे. वडील तुर्भ्याच्या घाऊक भाजीबाजारात रात्रपाळीला कामाला होते. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांचा. जून महिन्यात एके दिवशी त्या घरची बाई वर आली आणि दाराबाहेरच उभी राहून संकोचाने म्हणाली, “दादा, पोराची शाळा मोबाइलवर भरते. रिचार्ज पुरत नाही. तुमचे नेट जिन्यात येते का?”

मी एका कागदावर आमचा परवलीचा शब्द लिहून दिला. तेव्हापासून तो मुलगा रोज सकाळी आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या चौथऱ्यावर, चटईची घडी टाकून बसू लागला. तो आठवीत होता. बाजारातून वडील परत आले की मोबाइल त्याच्या हाती येई. गुडघ्यावर वही, भिंतीला टेकवलेला मोबाइल आणि तोंडावर मुसके, असे त्याचे रूप मला अजून आठवते. “अरे, आत येऊन बस,” असे मी एकदोनदा म्हणालो. पण आजाराचे दिवस ते. तो म्हणे, “नको काका, इथेच बरे आहे.” त्याचा वर्ग केव्हा सुरू होतो आणि केव्हा सुटतो, हे मी त्याला कधी विचारले नाही. पुढे घडलेल्या प्रकारात हे न विचारणेच मला फार महागात पडले.

जुलै महिन्यात पेटीचे दुखणे सुरू झाले. मुलीचा वर्ग ऐन रंगात यावा आणि शिक्षकांचा चेहरा पडद्यावर गोठून जावा! आवाज तुटे, शब्दांचे तुकडे पडत, आणि दहा-पंधरा मिनिटांनी सर्व काही आपोआप पूर्ववत होई. कधी रात्रीही तसेच घडे. एकदा मुलगी भूगोलाच्या तासाला उत्तर देत असताना तिचा आवाज मध्येच नाहीसा झाला आणि बाईंनी तिला गैरहजर समजून पुढच्या मुलीला प्रश्न विचारला. त्या दिवशी ती जेवली नाही.

मी आधी पावसाला दोष दिला. पारसिकच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि खाडीकडून वारा सुटला होता. तेव्हा पाऊसच असणार, असे मी ठरवून टाकले. परंतु मधले दोन दिवस लख्ख ऊन पडले आणि बिघाड मात्र वेळेवर आला. मग मी कंपनीला दोष दिला. फोनवरचा तरुण नम्रपणे म्हणाला, “सर, पेटी बंद करून पुन्हा चालू करा.” मी तसे केले. पेटी पुन्हा जागी होईपर्यंत तीन मिनिटे गेली आणि तेवढ्यात बिघाडही गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. शेवटी कंपनीचा माणूस घरी आला. त्याने तार सोडवून तिच्यातून येणारा प्रकाश एका लहानशा यंत्राने मोजला आणि सांगितले, “तुमच्या दारापर्यंत सर्व ठीक आहे.”

त्याचे बोलणे मला पटले नाही. आमच्या या नव्या मुंबईत महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात मोठमोठी माहिती-केंद्रे उभी आहेत. हजारो संगणक तेथे अहोरात्र जागे राहून लोकांची पत्रे, चित्रे, हिशेब सांभाळीत असतात. अशा नगरीत राहून माझ्या मुलीचे एक उत्तर दहा पावले दूर असलेल्या पेटीपर्यंत पोहोचू नये, याचा मला राग आला. आणि रागावलेला माणूस करतो तेच मी केले. पेटीच्या पाठीमागे टाचणी शिरेल एवढे एक छिद्र होते. त्यात टाचणी खुपसून दहा सेकंद दाबून धरली की पेटी सर्व काही विसरते, असे मी ऐकले होते. मी ते केले. पेटी खरोखरच सर्व विसरली. ती आमच्या घराचे नाव विसरली, परवलीचा शब्द विसरली आणि कंपनीशी बोलायची खूणही विसरली. बिघाड मात्र ती विसरली नाही.

ती संध्याकाळ पेटीला पुन्हा शिकवण्यात गेली. संगणकावर एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक असा आकड्यांचा पत्ता घातला की पेटीच्या अंतरंगाचे दार उघडते. हा पत्ता घराच्या आतला असतो. म्हणूनच तो लाखो घरांत एकच असू शकतो, जशी गावोगाव ‘वरची आळी’ असते. जोडणीचे नाव आणि खूण मी जुन्या कागदावरून पाहून भरली. आता पडद्यावर एकच जागा मोकळी राहिली होती: परवलीचा शब्द. जुनाच घालावा की नवा?

येथे माझा हात थबकला. पाऊस नव्हे, तार नव्हे, पेटीही नव्हे. मग उरले कोण? माझ्या डोळ्यांसमोर जिन्यातली ती चटई आली. कोण जाणे, तो पोरगा तासन्‌तास चित्रपट उतरवून घेत असेल! कदाचित त्याने तो शब्द चार मित्रांनाही सांगितला असेल! मी असे काही पाहिले नव्हते की ऐकले नव्हते. परंतु संशयाला पुराव्याची फारशी गरज भासत नाही. रिकामी जागा मिळाली की तो तेथे ठाण मांडतो. मी नवा शब्द घातला आणि तो घरातल्या माणसांखेरीज कोणालाही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर हलकेच टकटक झाली. मुलगा मोबाइल हातात धरून उभा होता.

“काका, नेट बंद आहे का?”

“हो रे,” मी म्हणालो, “पेटीत काहीतरी बिघाड आहे.”

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. “बरे, काका,” एवढेच म्हणून त्याने चटई गुंडाळली आणि तो खाली उतरून गेला. मी बोललो ते अर्धे खरे होते. पेटीत बिघाड होताच. पण अर्धे खरे हे पुष्कळदा पूर्ण खोट्यापेक्षा वाईट असते, कारण ते बोलणाऱ्याला स्वतःची लाज वाटू देत नाही.

त्याच दुपारी, एक वाजण्याच्या सुमारास, शिक्षकांचा चेहरा पुन्हा पडद्यावर गोठला.

वास्तविक मी तेथेच शहाणे व्हायला हवे होते. मुलगा गेला, तरी बिघाड राहिला. मग बिघाडाचे कारण तो नव्हता, हे उघड होते. पण एकदा संशयाच्या वाटेला लागलेला माणूस समोर भिंत आली तरी थांबत नाही. ‘आणखी कोणीतरी असेल,’ असे म्हणून मी मनाची समजूत घातली.

दोन दिवसांनी आईने विचारले, “तो पोर जिन्यात दिसत नाही हल्ली?” मी काही बोललो नाही. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या या पेटीचे दुखणे किती वाजता येते?”

“येते केव्हाही.”

“केव्हाही कसे येईल? तू लहान असताना तुला ताप येत असे. मी डॉक्टरांना म्हटले, सारखा ताप असतो. ते म्हणाले, औषध मागून. आधी ताप केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो, ते कागदावर लिहून आणा. मी चार दिवस लिहिले, तेव्हा दिसले, ताप रोज नव्हताच. एक दिवस आड, तोही दुपारीच चढत होता. तेवढ्यावरून त्यांनी हिवताप ओळखला आणि मग रक्त तपासले. तुझ्या पेटीचा तक्ता कुठे आहे?”

माझ्यापाशी तक्ता नव्हता. माझ्यापाशी फक्त मते होती.

त्याच दिवशी मुलीने वहीचे एक पान फाडले, पट्टीने रेघा आखल्या आणि वर रकाने लिहिले: वार, बिघाड सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, आकाश कसे आहे, घरात काय चालले आहे. शेवटचा रकाना आईने सुचविला होता. तो कागद शीतकपाटाच्या दारावर लावला आणि आम्ही आठवडाभर प्रामाणिकपणे नोंद केली. अट एकच होती: पेटीला कोणी हात लावायचा नाही आणि कारण काय असेल याविषयी कोणी मत द्यायचे नाही. ही दुसरी अट पाळणे मला पहिलीपेक्षा अवघड गेले.

रविवारी रात्री आम्ही तक्त्यासमोर बसलो. सोमवारी बारा वाजून बावन्न मिनिटांनी. मंगळवारी बारा पन्नासला. बुधवारी बारा पंचावन्नला. आणि रात्री साडेआठच्या आसपास. गुरुवार कोरा. शुक्रवारी, शनिवारी पुन्हा तेच. रविवार कोरा. मंगळवारी पाऊस होता, शुक्रवारी ऊन होते. आकाशाचा रकाना बिघाडाशी मुळीच जुळत नव्हता. मुलगी शेवटच्या रकान्यावर बोट फिरवीत होती. एकाएकी ती ओरडली, “बाबा, हा तक्ता नेटचा नाहीच! हा जेवणाचा तक्ता आहे!”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमच्याकडे सकाळी लवकर स्वयंपाक होई आणि एकच्या सुमारास माझी पत्नी भाजी, आमटी, भात एकामागून एक मायक्रोवेव्हमध्ये गरम करी. रात्रीही तसेच. गुरुवारी एकादशी होती. साबुदाण्याची खिचडी गॅसवरून थेट ताटात आली होती. रविवारी सगळेच घरी निवांत, म्हणून गरम गरम पोळ्या वाढल्या गेल्या होत्या. त्या दोन्ही दिवशी मायक्रोवेव्हला सुटी होती आणि पेटीला ताप नव्हता.

आता केवळ जुळणी दिसली म्हणून कारण सिद्ध होत नाही. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, पण कोंबड्यामुळे उगवत नाही. म्हणून आम्ही प्रयोग केला. संगणकाला अशी आज्ञा देता येते की, दर सेकंदाला पेटीला एक हाक मार आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोज. एरवी ते उत्तर सेकंदाच्या हजारांश भागांत, तीन-चार हजारांशांत, येत होते. मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचे भांडे ठेवून पत्नीने कळ दाबली. उत्तरे रेंगाळू लागली. काही आलीच नाहीत. कळ बंद करताच ती पुन्हा धावत येऊ लागली. तीन वेळा केले, तीन वेळा तेच. मग मी संगणक पेटीला तारेने जोडला आणि पुन्हा कळ दाबायला सांगितले. या वेळी एकही उत्तर हरवले नाही. याचा अर्थ स्वच्छ होता: बाहेरून येणारी तार निर्दोष, पेटीही निर्दोष, बिघाड होता तो पेटी आणि संगणक यांच्यामधल्या दहा पावलांच्या मोकळ्या जागेत. कंपनीच्या त्या माणसाचे म्हणणे अगदी बरोबर होते. आमच्या दारापर्यंत सर्व ठीक होते. बिघाड दाराच्या आत होता.

असे का व्हावे? मायक्रोवेव्ह आणि राउटर ही दोन्ही यंत्रे दूरची नातलग आहेत. दोघांच्याही पोटातून एकाच जातीच्या लहरी निघतात. मायक्रोवेव्हमधील लहर सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा कंप पावते. आमच्या पेटीच्या लहरीही 240 ते 248 कोटींच्या दरम्यानच होत्या. अशी एक लहर साधारण बारा सेंटिमीटर लांब असते. सन 1947 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखून ठेवण्यात आला. ज्या पट्ट्यात अशा यंत्रांचा गोंगाट आधीच चालतो, तेथे थोड्या शक्तीची संदेशयंत्रे विनापरवाना चालू द्यायला पुढे अनेक देशांनी मोकळीक दिली. भारतात तशी मोकळीक सन 2005 मध्ये मिळाली. हा पट्टा म्हणजे रेडिओ लहरींचे गायरानच होय. कोणीही यावे, परवाना न घेता आपली गुरे चारावी. पण मग गुरांची धक्काबुक्की होते अशी तक्रार करू नये.

त्यातही दोघांच्या बळात केवढा फरक! मायक्रोवेव्हच्या आत आठशे वॅट शक्तीच्या लहरी उसळत असतात. पेटीची शक्ती वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास. मायक्रोवेव्हच्या काचेमागे धातूची जाळी असते. तिची भोके बारा सेंटिमीटरच्या लहरीच्या मानाने फार बारीक असल्याने लहर आतच कोंडली जाते. तरी दाराच्या फटीतून थोडीशी निसटतेच. दहा हजार भागांतला एकच भाग निसटला, असे समजा. तरी तो आठशेचा दहा हजारावा भाग पेटीच्या साऱ्या शक्तीच्या जवळपास जातो. ढोलताशांच्या शेजारी उभे राहून कोणी कानात कुजबुजावे, तशी आमच्या पेटीची गत झाली होती. शिवाय पेटी होती स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि आमच्या जुन्या मायक्रोवेव्हच्या दाराची बिजागरी जरा खाली लोंबली होती. तिच्याकडे आम्ही कित्येक महिने काणाडोळा केला होता.

पुढे एकदा मला कळले की, या मायक्रोवेव्हने माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसांनाही चकवले आहे. ऑस्ट्रेलियात पार्क्स येथे 64 मीटर व्यासाची एक प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातील ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. सन 1998 पासून तिच्या नोंदींत अधूनमधून काही विलक्षण ठिपके उमटत. ते क्षणभर टिकत. वातावरणात काही घडत असावे, कदाचित विजेचा संबंध असावा, असे तर्क झाले. अखेर सन 2015 मध्ये एमिली पेट्रॉफ ही तरुण संशोधिका आणि तिचे सहकारी यांनी ते कोडे उलगडले. त्यांच्याही हाती तक्ताच होता. ते ठिपके कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात आणि विशेषतः जेवणाच्या सुमारास उमटत होते! शोध घेता असे दिसले की, कोणीतरी घाईने मायक्रोवेव्ह पूर्ण थांबण्यापूर्वीच त्याचे दार उघडले आणि दुर्बिणीचे तोंड त्या दिशेला असले, तर नेमका तसा ठिपका उमटतो. आकाशात शोधलेले कारण त्यांच्या स्वतःच्या भोजनगृहात सापडले.

आपल्याकडेही माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळच्या खोडद येथे, अशीच एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तिच्या तीस तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. मोठ्या शहरांचा रेडिओ-गोंगाट कमी ऐकू यावा, म्हणून ती अशा डोंगरांच्या आडोशाच्या जागी बांधली आहे. दूरचा क्षीण आवाज ऐकायचा असेल, तर आधी जवळचा कल्लोळ ओळखावा लागतो, हे तेथील शास्त्रज्ञांना रोजच ध्यानात ठेवावे लागत असेल. मला ते एका मायक्रोवेव्हने शिकविले.

दुखणे कळल्यावर औषध सोपे होते. पेटी स्वयंपाकघरापासून काढून बैठकीच्या खोलीत, मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर बसविली. लोखंडी कपाट आणि माशांची काचपेटी यांच्या आड ती येणार नाही, हेही पाहिले. कारण धातू लहरींना परतवतो आणि पाणी त्यांना शोषून घेते. मग पुन्हा तो आकड्यांचा पत्ता घातला. पेटीपाशी दुसरा, 500 कोटींहून अधिक कंपनांचा एक पट्टाही होता. तो भिंतीपलीकडे फार लांब जात नाही, पण मायक्रोवेव्हच्या गोंगाटापासून तो पुष्कळ दूर असतो. मुलीचा संगणक मी त्या पट्ट्यावर नेला. बिजागरीही दुरुस्त करून घेतली, आणि ती दुरुस्त होईतो मायक्रोवेव्ह बंदच ठेवला.

पेटीच्या अंतरंगात फिरताना मला एक यादी दिसली. या घडीला पेटीशी कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत, ते त्या यादीत लिहिलेले असते. ती यादी पहिल्या दिवसापासून तेथेच होती. दुपारी एक वाजता ती एकदा जरी उघडली असती, तरी खालच्या मुलाचा मोबाइल तीत नाही, हे मला दोन मिनिटांत दिसले असते. मी यादी पाहिली नव्हती. मी थेट माणसावर ठपका ठेवला होता.

त्या संध्याकाळी मी जिना उतरून खाली गेलो. एक मजला उतरायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. त्याच्या आईने दार उघडले. “या दादा,” ती म्हणाली. मुलगा जमिनीवर बसून गणिते सोडवीत होता. वडील कामावर निघण्याच्या तयारीत होते आणि मोबाइल त्यांच्या खिशात होता.

मी म्हणालो, “बाळ, त्या दिवशी मी तुला खोटे सांगितले. नेट बंद नव्हते. मी परवलीचा शब्द बदलला होता. तुझ्यामुळे बिघाड होतो, असे मला वाटले होते. तसे नव्हते. माझे चुकले.”

त्याने वहीतून मान वर केली नाही. हळूच म्हणाला, “मला माहीत होते, काका.”

“माहीत होते? कसे?”

“नेट बंद असले की मोबाइल तसे सांगतो. त्या दिवशी तो म्हणत होता, पासवर्ड चुकीचा आहे.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“तुमचे नेट आहे, काका. मी काय बोलणार?”

मला उत्तर सुचेना. त्याचा वर्ग साडेआठला सुरू होऊन साडेदहाला सुटत असे, हे मला त्या दिवशी कळले. दुपारी एक वाजता तो मोबाइल झोपलेल्या वडिलांच्या उशाशी पडलेला असे. माझ्या त्या एका शब्दामुळे त्याचे नऊ दिवसांचे वर्ग आणि विज्ञानाची एक चाचणी बुडाली होती. “असू द्या दादा,” त्याची आई म्हणाली. तिने ते मनापासून म्हटले, म्हणूनच मला ते अधिक टोचले. पेटीचा दोष दूर झाला होता. परंतु गेलेली चाचणी काही परत येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला वर बोलावले आणि पेटीत पाहुण्यांसाठी वेगळे दार कसे उघडतात, ते दाखविले. अशा दाराने येणाऱ्याला महाजालात जाता येते, पण घरातल्या संगणकांत डोकावता येत नाही. यजमान निर्धास्त राहतो आणि पाहुणाही. ही सोय पेटीत पूर्वीपासूनच होती. त्या दाराचा परवलीचा शब्द मी त्यालाच ठरवायला सांगितला. तो कोणता, हे मी अर्थातच येथे लिहिणार नाही. परवलीचा शब्द चारचौघांत सांगू नये, हा या विद्येतला पहिलाच धडा आहे. त्यानंतर शाळा पुन्हा उघडेपर्यंत तो आमच्याकडेच, खिडकीपाशी टेबल लावून बसत असे. चटई मात्र तो रोज बरोबर आणी आणि खुर्चीखाली घडी करून ठेवी. तिची आता गरज नाही, असे मी त्याला कधी सांगितले नाही. ते त्याचे त्याला पटायला हवे होते.

या गोष्टीला काही वर्षे झाली. पेटी बदलली, मायक्रोवेव्ह बदलला. तो तक्ता मात्र आईने जपून ठेवला आहे. फडताळाच्या दाराला आतून तो अजून चिकटलेला आहे. घरात काही बिघडले, मग तो नळ असो, पंखा असो की दोन माणसांमधले बोलणे असो, मी ते फडताळ उघडतो आणि त्या पानाकडे पाहतो. गुरुवारचा आणि रविवारचा कोरा रकाना मला दिसतो. मग मी एक कोरा कागद घेतो, रेघा आखतो आणि सर्वांत आधी तो रकाना लिहितो, जो त्या वेळी आईने सुचविला होता: घरात काय चालले आहे?